काळ्या वाटाण्याएवढं औषध

पत्र थोडक्यात असं आहे:

«डॉक्टर, मी २३ वर्षांची. देवगड तालुक्यात राहते, घरची हापूसची कलमं आहेत, मी इथल्याच एका पतसंस्थेत नोकरी करते. दहावीपासून कपाळावर आणि गालांवर पिंपल्स आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात लग्न आहे, म्हणून मोबाइलवर बघून मेडिकलमधून अ‍ॅडापॅलीन जेल आणलं आणि रेटिनॉलचं सीरम ऑनलाइन मागवलं. रात्री जेल, सकाळी सीरम, दोन्ही वेळा सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, रविवारी स्क्रब. आठ दिवसांत तोंड लाल झालं, साली निघायला लागल्या, साधं पाणी लागलं तरी झोंबतं. आई म्हणाली, औषध लागू पडतंय, जुनी कातडी जाऊन नवी येतेय, सोडू नको. आजी म्हणते तोंडाक खोबरेल लाव. तीन आठवडे तसंच रेटलं. शेवटी मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, चार दिवस लावली आणि जादू झाली, लाली गेली, रंगही उजळला. खोक्यावरची नावं खाली लिहिली आहेत. आता हीच लावत राहू का? आणि लग्नापर्यंत चेहरा साफ होईल का?»

आधी ती मेडिकलवाल्याने दिलेली तिसरी ट्यूब. आज रात्रीपासून ती लावायची नाही.

खोक्यावरची नावं जशीच्या तशी उतरवून पाठवलीस हे फार चांगलं केलंस. निम्मे पेशंट मला «पांढरी ट्यूब, निळं झाकण» एवढंच सांगतात. तुझ्या ट्यूबमध्ये तीन औषधं आहेत: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. चार दिवसांत लाली गेली ती त्याची करामत. घरात धूर झाला म्हणून डोळे मिटून घ्यावेत, तसला प्रकार. आणि मधलं ट्रेटिनॉइन हे तुझ्या अ‍ॅडापॅलीनच्याच घराण्यातलं, त्याच्यापेक्षा तिखट भावंड. म्हणजे ज्या औषधाने तोंड पोळलं, त्याच जातीचं दुसरं औषध तू पोळलेल्या तोंडावर लावत होतीस, आणि स्टेरॉइडमुळे ते तुला कळत नव्हतं.

चारच दिवस लावलीस म्हणून सरळ बंद कर म्हणते. दोन-चार दिवस थोडी लाली परत येईल, घाबरू नकोस. पण तुझी कोणी मैत्रीण अशी ट्यूब सहा-आठ महिने «फेअरनेस क्रीम» म्हणून लावत असेल, आणि अशा एक-दोन जणी प्रत्येक वाडीत असतात, तर तिने एकदम न सोडता आधी स्किनच्या डॉक्टरांकडे जावं. इतके महिने लावल्यावर कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, फोड आधीपेक्षा जास्त येतात, आणि बंद केली की चेहरा असा भडकतो की माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडे धावतं. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी या दुखण्याला «टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस», म्हणजे लावायच्या स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा, असं नावच देऊन टाकलंय. २०१८ साली केंद्र सरकारने लावायच्या औषधांमधली चौदा स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी काउंटरवर काय चालतं ते तूच पत्रात लिहिलंयस.

गंमत अशी की तुझ्या पहिल्या ट्यूबचं घराणं आणि ही तिसरी ट्यूब, दोन्हींचा माग एकाच माणसापाशी जातो. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अल्बर्ट क्लिगमन नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. ‘अ’ जीवनसत्त्वापासून तयार होणारं एक आम्ल मुरुमांवर लावून बघायचं काम त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात केलं. तेच ट्रेटिनॉइन. १९७१ मध्ये अमेरिकेत मुरुमांसाठी त्याला मंजुरी मिळाली. पुढे १९७५ मध्ये क्लिगमन यांनीच हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशा तिघांचं मिश्रण डागांसाठी मांडलं. तुझी तिसरी ट्यूब त्याच नुसख्याची नात. वांग नावाचे जे काळपट चट्टे बायकांच्या गालांवर येतात, त्यांच्यासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजके आठवडे वापरायचं ते औषध. पिंपल्सचं नव्हे, आणि गोरं व्हायचं तर नव्हेच. (याच क्लिगमन यांचं नाव तुरुंगातल्या कैद्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे बदनामही झालं. आमच्या शास्त्राच्या वंशावळीत असले पूर्वजही आहेत.)

आता आईचं म्हणणं. आईला दोष देऊ नकोस, हे मी रोज ऐकते, आणि शिकलेल्या माणसांकडूनही ऐकते. जखमेवर झोंबलं की औषध चांगलं, काढा कडू असला की गुणकारी, असा आपला जुना हिशेब आहे. रेटिनॉइडच्या, म्हणजे अ‍ॅडापॅलीन-ट्रेटिनॉइनच्या या घराण्याच्या, बाबतीत तो चुकतो.

हे औषध काम कसं करतं ते बघ. आपल्या कातडीच्या प्रत्येक छिद्राला आतून अस्तर असतं. त्या अस्तराच्या पेशी झडून तेलाबरोबर बाहेर पडायला हव्यात. मुरूम येणाऱ्यांच्या छिद्रात त्या एकमेकींना चिकटून बसतात. मोरीच्या जाळीत केसांचा गुंता अडकतो ना, तसंच. मागे तेल साचतं, त्यात जंतू वाढतात, मग सूज, मग पू. रेटिनॉइड पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊन पेशींची ही चिकटून बसायची खोड मोडतं आणि सूजही थोडी उतरवतं. हे सगळं छिद्राच्या आत चालतं. वरची कातडी लाल होणं, सोलणं, झोंबणं हा त्याच औषधाचा दुसरा, नको असलेला परिणाम. साल निघाली नाही तरी आतली जाळी साफ होतच असते. अ‍ॅडापॅलीन इतकं वापरलं जातं ते याच कारणाने, की मुरुमांवर ते ट्रेटिनॉइनइतकं चालतं आणि झोंबतं त्यामानाने कमी.

आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीचं आणखी एक आहे. ती लाल झाली की मागे काळा डाग ठेवते. युरोपातल्या गोऱ्या मुलीचं तोंड सोललं तर आठवड्याभरात पुसलं जातं. आपला डाग महिनोन्महिने हलत नाही. म्हणजे मुरुमांचे डाग जावेत म्हणून औषध लावायचं आणि औषधानेच नवे डाग पाडून घ्यायचे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मुंबईत एमडी करताना माझ्याच हनुवटीवर फोड यायचे. गणपतीला मालवणला जायचं होतं, दहा दिवस हातात होते, आणि मी स्किनची डॉक्टर होऊ घातलेली, मला कोण शिकवणार? ट्रेटिनॉइन ०.०५ टक्के, रोज रात्री, भरपूर. ओठांच्या कडेपर्यंत. गौरी आल्या त्या दिवशी तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना भेगा पडल्या होत्या, मोदक खाताना तोंड उघडवत नव्हतं. माझ्या काकीने आरतीचं तबक खाली ठेवून सगळ्यांसमोर विचारलं, «मुंबयच्या पाण्यान काय झाला गो तुझ्या तोंडाक?» भेगा आठवड्यात भरल्या. वरच्या ओठावरची काळपट मिशी मात्र शिमग्यापर्यंत होती.

तर, आत्ता काय करायचं. जेल, सीरम, फेसवॉश, स्क्रब, चारही बाजूला ठेव. आठ-दहा दिवस चेहऱ्याला विश्रांती. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने, फेस कमी होणाऱ्या सौम्य क्लीन्झरने धू. गरम पाणी नको. बेसन-हळद, लिंबू, मध, टूथपेस्ट यातलं काहीही नको. पुसताना टॉवेल घासू नकोस, नुसता टिप. चेहरा जरासा ओला असतानाच ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लाव, दिवसातून दोन-तीनदा. नाकाच्या आणि तोंडाच्या कोपऱ्यांना पेट्रोलियम जेली चालेल. पाणी झोंबायचं थांबलं, साली निघायच्या थांबल्या, की कातडी सावरली असं समज. मात्र पापण्या सुजल्या, पाणी भरलेले फोड आले किंवा चेहरा पाझरायला लागला, तर दहा दिवस मोजत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव.

आजीच्या खोबरेलाबद्दल. कोकणात राहून खोबरेलाविरुद्ध बोलायचं म्हणजे माहेरच्या विरुद्ध बोलल्यासारखं वाटतं. पायांच्या भेगांना, कोरड्या हातांना, केसांना खुशाल लावा. पण मुरुमांच्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवतं. तुझे फोड कपाळावर जास्त आहेत असं लिहिलंयस, म्हणून विचारते, रात्री डोक्याला चापून तेल लावून झोपतेस ना? ते ओघळून कपाळावर आणि उशीच्या अभ्र्यावरून गालांवर येतं. तेल लावायचं तर न्हायच्या आधी तास-दोन तास, केसांच्या लांबीला, आणि मग धुऊन टाकायचं. अभ्रा दर तीन-चार दिवसांनी बदल. एवढ्यानेच कपाळ निम्मं साफ झालेल्या मुली मी बघितल्या आहेत. आणि कपाळावरचं पुरळ सगळं एकाच आकाराचं, बारीक आणि खाजणारं असेल, घामाच्या दिवसांत वाढत असेल, तर ते मुरूम नसून बुरशीचं पुरळ असू शकतं. आपल्या दमट हवेत ते खूप दिसतं. त्याचं औषध वेगळं, रेटिनॉइडने ते जायचं नाही.

चेहरा शांत झाला की पुन्हा सुरुवात, फक्त अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्क्याने. सीरम कोणाला देऊनही टाकू नकोस, कपाटात राहू दे. रेटिनॉल हे त्याच कुटुंबातलं सौम्य माणूस आहे. कातडीत गेल्यावर दोन पायऱ्या चढून ते औषधी रूपात येतं. जेल चालू असताना त्याची भर घालून गुण वाढत नाही, झोंबणं तेवढं वाढतं.

आणि आता ते, ज्यासाठी मी या उत्तराला असं मथळ्याचं नाव दिलंय. तू लिहिलंयस, «बोटभर जेल घेते.» बोटभर! आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं करतेस ना? डब्यातला एक वाटाणा काढून तळहातावर ठेव. भिजवलेला नव्हे, कोरडा. तेवढं जेल. तेवढंच, सगळ्या चेहऱ्याला मिळून. बोटाच्या टोकावर घ्यायचं, कपाळावर एक टिंब, दोन्ही गालांवर एकेक, नाकावर अगदी निसटतं, हनुवटीवर एक. मग हलक्या बोटाने सगळीकडे पसरायचं. पहिल्या दिवशी वाटेल, काही लागलंच नाही. बरोबर लागलंय. पांढरं दिसेपर्यंत लावायचं ते औषध हे नव्हे. आणि फोडावर नेमकं टिंब ठेवून मोकळं व्हायचं असंही नाही. उद्याचा फोड आज जिथे दिसत नाही तिथे धरलेला असतो, म्हणून फोड येणारा सगळा भाग झाकायचा. पापण्या, डोळ्यांच्या कडा, नाकपुडीची खाच, ओठांचे कोपरे आणि मान सोडून. या जागा आधी जेलीने झाकून घेतल्यास तर औषध ओघळूनही तिथे जाणार नाही.

वेळ रात्रीची. चेहरा धुतल्यावर वीस-तीस मिनिटं जाऊ देत, कातडी पूर्ण कोरडी हवी, ओल्या कातडीवर जास्त झोंबतं. तेवढ्या वेळात भांडी आवर, फोन कर. तुझी कातडी एकदा पोळलेली आहे म्हणून आधी मॉइश्चरायझरचा पातळ हात, मग जेल, मग पुन्हा मॉइश्चरायझर. याने औषध वाया जात नाही, जरा हळू आत जातं, आणि आपल्याला तेच हवंय. पहिले दोन आठवडे फक्त सोमवार आणि गुरुवार. नंतरचे दोन-तीन आठवडे एक दिवस आड. काही तक्रार नसेल तर पुढे रोज. एक दिवस आडच सोसत असेल तर तिथेच थांब, कमीपणा काही नाही. एवढंही सोसलं नाही तर अर्ध्या तासाने धुऊन टाकायचं. तशीही पद्धत आहे.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत फोड थोडे वाढल्यासारखे वाटतील. आत दडलेले लवकर वर येतात, याला «पर्जिंग» म्हणतात. ते नेहमीच्या जागी येतात आणि ओसरतात. पण जिथे कधी फोड नव्हता तिथे लाली आणि जळजळ आली, तर ते «पर्जिंग» नाही, प्रमाण चुकतंय. दोन-चार दिवस थांब, मॉइश्चरायझर लाव, मग आधीच्या पायरीवर ये.

उरलं सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा त्याच्या वरचं, जेलसारखं हलकं, दोन बोटांवर लांब रेघा ओढून जेवढं येईल तेवढं. पतसंस्थेत बसून काम असलं तरी सकाळचा स्कूटरचा रस्ता आहे, आणि रविवारी बागेत जात असशील. मेमध्ये घामाने ते दोन तासही टिकत नाही हे मला माहीत आहे, मी पण इथेच राहते. म्हणून छत्री, ओढणी, टोपी यांना कमी लेखू नकोस. नवी कातडी ऊन सोसत नाही आणि जुने डाग उन्हाने गडद होतात, दोन्हीकडून नुकसान. बायका मला म्हणतात, आपल्याकडे एवढी दमट हवा, मॉइश्चरायझर कशाला? घाम म्हणजे कातडीतला ओलावा नव्हे. माघ-फाल्गुनात पहाटे मतलई वारा सुटला की ओठ फुटतातच ना.

तुझ्या घरी कलमं आहेत म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते, मोबाइलवरच्या व्हिडिओत ती मिळणार नाही. एप्रिलमध्ये तूही आंबे उतरवायला, पेट्या भरायला हात लावणार. देठ मोडला की चीक उडतो. एरवीही तो चीक लागला की तोंडावर चट्टे उठतात, आणि रेटिनॉइडने वरचा थर हलका झालेला असताना तो दुप्पट भाजतो. काजूच्या टरफलातल्या तेलाचं तेच, काजू आणि आंबा एकाच कुळातले. मागच्याच्या मागच्या हंगामात एक मुलगी माझ्याकडे आली होती, हनुवटीवर चिकाचा एक ओघळ जसा उडाला तसा काळा उमटलेला, वरून खाली, शाईच्या पेनाने ओढल्यासारखा. त्यामुळे बागेत तोंडाला ओढणी बांध, चीक उडाला तर तिथल्या तिथे साबणाने धू, आणि पेट्या भरायच्या आदल्या-नंतरच्या रात्री जेलला सुट्टी दे.

खाण्यावरून घरात बोलणी बसतच असतील. बांगडा उष्ण पडतो, कोलंबी नको, वगैरे. माशांनी पिंपल्स येतात याला आधार नाही, निर्धास्त जेव. गोड पेयं, मैद्याची बिस्किटं, व्हे प्रोटीनचे डबे यांच्याबद्दल थोडा पुरावा आहे, ते आवर. पण पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, फोड जबड्याच्या कडेने जास्त असतील, तर नुसत्या जेलवर राहू नकोस, हार्मोनच्या तपासण्या करून घे. पत्रात तू पाळीचं काहीच लिहिलं नाहीस.

आता लग्नापर्यंत चेहरा साफ होईल का? दहा दिवस विश्रांती धरली तर फेब्रुवारीच्या मध्याला तू पुन्हा सुरू करशील. या औषधाचा गुण दिसायला बारा आठवडे द्यावे लागतात, कारण आज वर दिसणारा फोड आत बरेच आठवडे आधी धरलेला असतो. मोहोर आला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी पेटी भरायला घेत नाही, हे तुझ्या बाबांना विचार. बारा आठवडे म्हणजे मेचा मध्य. बेताचा हिशेब आहे, पण बसतो. नवे फोड तोवर पुष्कळ कमी झालेले असतील. सपाट काळे डाग सगळे गेलेले नसतील, ते आणखी काही महिने घेतात, आणि त्यांच्यावर थोडा मेकअप चढवायला काय हरकत आहे? दोन महिने नेमाने लावूनही काही फरक दिसला नाही, किंवा आत दुखणाऱ्या गाठी येत असतील, तर डॉक्टर बेन्झॉइल पेरॉक्साइड जोडून देतील (ते आलं की टॉवेल आणि अभ्रे पांढरे वापर, रंगीत कपड्यांचा रंग उडतो) किंवा पोटात घ्यायचं औषध. फक्त अँटिबायोटिकची ट्यूब महिनोन्महिने मात्र नको, जंतू निर्ढावतात.

पार्लरवालीला आधीच सांगून ठेव की मी रेटिनॉइड लावते. चेहऱ्यावर वॅक्सिंग करायचंच असेल तर आधी किमान आठवडाभर जेल बंद. नाहीतर पट्टीबरोबर कातडी उचलून येते. थ्रेडिंगने तेवढं होत नाही, तरी दोन रात्री सोड. ब्लीच आणि फळांच्या आम्लांचं फेशियल या वर्षी नकोच. हळदीच्या दोन दिवस आधीपासून जेल बंद ठेव आणि हळद खुशाल लावून घे. मेमध्ये कोणीही कसलंही नवं क्रीम दिलं, सासरकडून आलं तरी, ते जूनपर्यंत बॅगेतच राहू दे.

आणखी एक, ते लग्नाशी निगडित आहे आणि तू विचारलेलं नाहीस. लग्नानंतर लवकर मूल हवं असं तुमचं ठरलं, तर प्रयत्न सुरू करण्याआधी रेटिनॉइड बंद करायचं. लावायच्या जेलमधून रक्तात फार थोडं जातं, पण गरोदरपणात आम्ही ते देत नाही. त्या काळात अझेलाइक अ‍ॅसिडसारखी दुसरी औषधं आहेत. चुकून जेल चालू असताना दिवस राहिले तर घाबरून काही भलतंच करू नकोस. जेल थांबव आणि डॉक्टरांना सांग, बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. पोटात घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूलची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे. तिने गर्भात गंभीर व्यंगं होतात, आणि ती घेताना व बंद केल्यावरही महिनाभर गर्भ राहू द्यायचा नसतो. «माझ्या बहिणीला याने फरक पडला» म्हणून कोणी उरलेली पट्टी देईल. घेऊ नकोस.

जेलची ट्यूब खिडकीत ठेवू नकोस, झाकण घट्ट लावून कपाटात ठेव. तिसरी ट्यूब फेकू नकोस, कणकवलीला किंवा जवळ जिथे स्किनचे डॉक्टर असतील तिथे जाशील तेव्हा खोक्यासकट घेऊन जा. आणि उद्या सकाळी, खिडकीसमोर, बिनफिल्टरचा एक फोटो काढून ठेव. पुढचा मार्चच्या मध्यात, त्याच खिडकीत, त्याच वेळी. मधे आरशात रोज मोजदाद करू नकोस. दोन्ही फोटो, आणि पाळीबद्दल जे लिहायचं राहिलंय ते, मार्चमध्ये पाठव.